जहाजाआधीच्या तीन रात्री

लेक ॲमस्टरडॅमला नोकरी करते. तिच्याकडे जायचंच आहे तर ऱ्हाईन नदीतून जहाजानं जाऊ, ही कल्पना ह्यांची. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला चढायचं, सात रात्री जहाजावर काढायच्या आणि ॲमस्टरडॅमला उतरायचं. नकाशा पाहताना माझी नजर सारखी बाझेलच्या दक्षिणेला जात होती. आल्प्सच्या इतक्या जवळ जायचं आणि डोंगर न पाहता जहाजात बसायचं, हे मला पटेना. शिवाय वन्संही सोबत येणार होत्या आणि त्यांनी बर्फाचा डोंगर कधी पाहिला नव्हता. म्हणून जहाजाआधी तीन रात्री डोंगरात काढायचं ठरलं. सहलीची आखणी माझ्याकडे होती. ती करताना जे शोधलं आणि जे ठरवलं ते इथे लिहिते आहे.

सगळ्यात जास्त वेळ महिना ठरवण्यात गेला. नदीवरची जहाजं मार्चअखेर-एप्रिलपासून सुरू होतात. ट्युलिपच्या दिवसांत तर फार मागणी असते. पण डोंगराचं वेळापत्रक निराळं. एप्रिल-मे म्हणजे स्कीचा मोसम संपलेला आणि उन्हाळा सुरू व्हायचा असलेला काळ. बऱ्याच केबल कार तेव्हा देखभालीसाठी बंद असतात, वरच्या पायवाटांवर बर्फ असतो. म्हणजे जहाजासाठी उत्तम असलेला एप्रिल डोंगरासाठी अर्धा बंद. नोव्हेंबरातही तसंच. मे-जूनमध्ये वरचं बर्फ वितळून ऱ्हाईनला भरपूर पाणी असतं. कधी ते इतकं चढतं की पुलांखालून जहाज जाऊ शकत नाही आणि वाहतूक थांबते. उन्हाळा सरता सरता उलट होतं, पाणी उतरतं. जर्मनीत काउब नावाच्या गावाजवळ नदी उथळ आहे आणि तिथल्या पाणीपातळीवर सगळ्यांचं लक्ष असतं. २०१८ च्या शरदात आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथं पाणी फारच कमी झालं होतं. अशा वेळी काही टप्पा बसने नेतात किंवा पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या जहाजावर चढवतात, आणि तशी मुभा कंपनीने करारात ठेवलेली असते. बाझेलपासून खाली जर्मनीतल्या इफेत्सहाइमपर्यंत दहा बंधारे आहेत, त्यामुळे तेवढ्या पट्ट्यात पातळी राखता येते. त्याच्या पुढची नदी मात्र मोकळी वाहते.

दोन्हीकडचा विचार करून आम्ही सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरला. केबल कार चालू, पायवाटा कोरड्या, शाळा उघडल्यामुळे तिथलीही गर्दी कमी. पाणी उतरण्याचा धोका होता आणि तो आम्ही समजून उमजून पत्करला. बसने जावं लागलं तर जाऊ, पण डोंगर बंद असण्याच्या दिवसांत तिथं जायचं नाही, असं माझं ठाम मत होतं.

मग जागा. टूर कंपन्यांच्या सहलींमुळे आपल्याकडे टिटलिस आणि युंगफ्राऊ ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत, त्यामुळे ओळखीतल्या प्रत्येकाने सल्ला दिला. झेरमाट गावाचा मोह मोठा होता, पण तिथं सगळं मॅटरहॉर्न शिखराच्या दर्शनावर अवलंबून. दोन पूर्ण दिवसांत तो ढगात राहिला तर काय? बर्निना एक्सप्रेस किंवा ग्लेशियर एक्सप्रेस ही डोंगरातून फिरवणारी रेल्वे घेतली असती तर एक आख्खा दिवस खुर्चीत गेला असता, आणि पुढे आठवडाभर जहाजावर बसायचंच होतं. लुत्सर्न खूप सोयीचं. बाझेलहून रेल्वेने तासाभराचं अंतर, समोर सरोवर, आणि रिगी डोंगरावर जाणारी १८७१ सालची दातेरी रेल्वे (रुळांमधल्या दातेरी पट्टीच्या आधाराने चढणारी), जी युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे मानतात. ज्यांच्याकडे दोनच रात्री आहेत त्यांना मी लुत्सर्नच सांगेन. पण ते शहर आहे, आणि मला डोंगरातच जाग यायला हवी होती.

शेवटी लाउटरब्रुनेनचं खोरं नक्की केलं. कारण एकच. तिथं ढग उतरले तरी दिवस वाया जात नाही. खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत आणि त्यांवरून धबधबे कोसळतात. त्यातला श्टाउबबाख जवळजवळ तीनशे मीटर उंच आहे आणि गावातूनच दिसतो. आकाश मोकळं असेल तर वर जायचं, नसेल तर खाली हिंडायचं. मुक्काम मात्र वर वेंगेनला घेतला. १,२७४ मीटर उंचीवरचं हे गाव, तिथं मोटारी जात नाहीत, लाउटरब्रुनेनहून दातेरी रेल्वेनेच पोचावं लागतं. खोऱ्याच्या तळाशी कड्यांची सावली लवकर पडते, वेंगेनला ऊन जास्त वेळ मिळतं. मोठ्या बॅगा घेऊन कसं जमेल ही काळजी वन्संना होती. हॉटेलला ईमेल केली, तेव्हा स्टेशनवर विजेवर चालणारी छोटी गाडी बॅगा न्यायला येते असं उत्तर आलं.

आणखी एक गोष्ट नकाशावर सापडली आणि मला फार आवडली. लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यातली ल्युचिने नदी ब्रिएन्झ सरोवराला मिळते. तिथून आरे नदी बाहेर पडून इंटरलाकेनमधून थुनच्या सरोवरात जाते, पुढे राजधानी बर्नला वळसा घालते आणि कोब्लेन्झ नावाच्या छोट्या स्विस गावाशी ऱ्हाईनला मिळते. संगमाशी आरेचं पाणी ऱ्हाईनपेक्षा जास्त असतं. म्हणजे खोऱ्यातले धबधबे बघून आम्ही ज्या जहाजात बसणार, ते त्याच पाण्यावर चालणार होतं. ह्यांना हे सांगितल्यावर जागेची चर्चा तिथेच संपली.

व्हिसाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण अशा प्रवासात नेमका तिथेच गोंधळ होतो. विमान झ्युरिकला उतरणार, जहाज स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स असं फिरणार. अर्ज कुणाकडे करायचा? पहिला देश स्वित्झर्लंड म्हणून स्विस व्हिसा, असं बरेच जण सांगतात. शेंगेनचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम वेगळा आहे. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. दोन देशांत मुक्काम सारखाच असेल तरच पहिल्या प्रवेशाचा देश बघायचा. आम्ही नंतर लेकीकडे काही आठवडे राहणार होतो, म्हणून अर्ज नेदरलँड्सकडे. त्याच व्हिसावर झ्युरिकला उतरता येतं. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला तरी २००८ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये आहे. जे जहाज संपवून लगेच परत येणार, त्यांनी मात्र जहाजाच्या रात्री देशांप्रमाणे मोजायला हव्यात. मी जहाज कंपनीकडून प्रवाशांच्या नावांसह, कोणत्या रात्री कोणत्या बंदरात, असं पत्र मागवून घेतलं आणि वेंगेनचं बुकिंग, लेकीचं निमंत्रण, विमानाची तिकिटं यांच्यासोबत एकाच कोष्टकात तारखा लावल्या. एकही रात्र रिकामी ठेवली नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावाच लागतो. २०२४ च्या जूनपासून मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो आहे, आणि विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. झ्युरिकला अधिकाऱ्याने जास्त दिवस कुठे राहणार एवढंच विचारलं, मी कोष्टक पुढे केलं. आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे उतरल्यावर लगेचची गाडी धरायचा बेत करू नये.

विमानाचं तिकीट जाताना झ्युरिकपर्यंत आणि येताना ॲमस्टरडॅमहून, असं एकाच बुकिंगमध्ये काढलं. झ्युरिकच्या विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे. तिथून बर्न, इंटरलाकेन ओस्ट आणि लाउटरब्रुनेन अशा गाड्या बदलत सुमारे तीन तासांत वेंगेन येतं. इंटरलाकेन ओस्टहून निघणारी गाडी त्स्वायल्युचिनेन स्टेशनला दुभंगते. अर्धी लाउटरब्रुनेनला जाते, अर्धी ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढायचं.

रेल्वेच्या तिकिटांचा हिशेब करताना दोन पर्याय समोर होते. स्विस ट्रॅव्हल पास घेतला तर सलग ठरावीक दिवस गाड्या, बस, सरोवरातल्या बोटी सगळं त्यात येतं, पण उंचावरच्या डोंगरांवर फक्त सवलत मिळते, आणि युंगफ्राऊयोख या रेल्वेने गाठता येणाऱ्या उंच खिंडीला ती २५ टक्केच. हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि जवळजवळ प्रत्येक तिकीट अर्ध्या किमतीत मिळतं, युंगफ्राऊयोखचंसुद्धा, ज्याचं उन्हाळ्यातलं पूर्ण तिकीट दोनशे फ्रँकच्या वर जातं. आमच्या प्रवासात दोन्हीचा खर्च जवळपास सारखा येत होता. मी हाफ फेअर निवडलं. वर कधी जायचं, किती वर जायचं, हे त्या दिवशी सकाळपर्यंत मोकळं ठेवायचं होतं, आणि त्या कार्डाने ते साधत होतं.

युंगफ्राऊयोखवर जायचं की नाही, यावर घरात बरंच बोलणं झालं. १९१२ साली सुरू झालेली तिथली रेल्वे आयगर आणि म्योंख या शिखरांच्या पोटातून बोगद्याने ३,४५४ मीटरवर नेते. वन्संना हृदयाची औषधं चालू आहेत. त्यांच्या डॉक्टरांनी एका सकाळीत एवढं उंच जाणं टाळा असं सांगितलं. मग त्यांना खाली ठेवून आम्ही जावं, असं त्यांनीच सुचवलं. मला ते मान्य नव्हतं. ज्यांच्यासाठी डोंगर ठरवला त्यांना हॉटेलात बसवून मी वर जाणार नव्हते. म्हणून मेनलिखेन. वेंगेनहून केबल कारने थेट वर जाता येतं, उंची २,२०० मीटरच्या आसपास. तिथून क्लायने शायडेक या खिंडीतल्या रेल्वे स्टेशनपर्यंत साधारण साडेचार किलोमीटरची पायवाट हलक्या उताराने जाते, दीड तास लागतो. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ तिघं अख्ख्या वाटेवर समोर असतात. मला वाटतं, शिखरावर चढून शिखर दिसत नाही, ते समोरूनच बघावं.

सामानात भाजणी, मेतकूट, पोहे आणि चटण्या घेतल्या. तूप, खवा, पनीर असे दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून तिकडे नेता येत नाही, ते काढून टाकलं. शाकाहारी जेवणाचं जहाज कंपनीला आधीच कळवलं.

पहिली दुपार काहीच ठरवलेलं नव्हतं. रात्रभर विमानात बसून आलेल्या साठीच्या माणसांकडून डोंगर चढवून घेऊ नये, असं माझं मत. गावात फिरलो, लवकर झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वेबकॅमेरा उघडला, तर मेनलिखेन पूर्ण ढगात. मग खाली उतरून ट्र्युमेलबाखला गेलो. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊवरच्या हिमनद्यांचं पाणी इथं डोंगराच्या पोटातून दहा धबधब्यांनी खाली येतं, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. आतमध्ये लिफ्टने वर नेतात, पुढे पायऱ्या आणि बोगदे. पाण्याच्या घुमण्याने समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि कठड्याला हात लावला की दगड थरथरताना जाणवतो. वन्संनी कठड्याला दोन्ही हात लावून डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. रेनकोट नेला म्हणून बरं झालं, सगळीकडे तुषार होते.

तिसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात निळं आकाश. पहिल्या केबल कारने वर गेलो. वाटेत दर काही अंतरावर बाक आहेत, वन्सं प्रत्येक बाकावर बसल्या आणि आम्ही त्यांच्याबरोबर. दीड तासाच्या वाटेला तीन तास लागले. क्लायने शायडेकला गरम सूप घेतलं आणि रेल्वेने वेंगेनला परत आलो. युंगफ्राऊयोखला जाणाऱ्यांच्या रांगा तिथं दिसत होत्या, पण कुणालाच आपण काही गमावलं असं वाटलं नाही.

शेवटची रात्र बाझेलला काढावी का, हा प्रश्न आधीच सोडवला होता. वेंगेनहून बाझेल सुमारे तीन तास, इंटरलाकेनहून थेट गाडी मिळते आणि गाड्या सारख्या असतात. जहाजावर प्रवेश दुपारी सुरू होणार होता. नाश्ता करून निघालो तरी मध्ये तीन-चार तास हाताशी होते. काही अडलंच असतं, तर नदीवरचं जहाज दुसऱ्या दिवशी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या आसपास असतं आणि बाझेलहून तिथं रेल्वेने सव्वा-दीड तासात पोचता येतं. समुद्रावरच्या जहाजाला अशी सोय नसते. एक मात्र खबरदारी घ्यावी. बाझेलला प्रवासी जहाजांचे धक्के एकाहून जास्त आहेत, सेंट योहान नदीच्या डाव्या तीरावर आणि क्लायबेक उजव्या तीरावर. पाणीपातळी आणि गर्दीप्रमाणे धक्का बदलूही शकतो. आदल्या दिवशी कंपनीचा नक्की धक्का कळवणारा संदेश आला तो मी छापून घेतला. स्टेशनवरून ट्राम धरून सेंट योहानला पोचलो, बॅगा खलाशांनी उचलून नेल्या.

रात्रीच्या जेवणाला आमच्या टेबलावर एक वयस्कर जोडपं होतं, त्याच दिवशी सकाळी विमानाने आलेलं. त्यांच्या दोन बॅगा मधल्या विमानतळावरच राहिल्या होत्या. ह्यांनी त्या गृहस्थांना आपला स्वेटर दिला, वन्संनी बाईंना शाल. बॅगा तिसऱ्या दिवशी जर्मनीतल्या स्पायरला टॅक्सीने आल्या. काउबला त्या आठवड्यात पाणी पुरेसं होतं, आम्हाला बस घ्यावी लागली नाही.