रंग चांगलाच झालाय

रविवार, रात्री

नंदू भाऊंची जुनी सायकल रंगवून घेऊन आला. चकाचक काळी. "मामा, आवडली ना?" म्हणाला. हो म्हटलं. पोराने स्वतःच्या पगारातून केलंय, आणखी काय म्हणणार?

पण सीटखालच्या नळीवरचं स्टिकर गेलं. रेनॉल्ड्स 531, म्हणजे नळीची कंपनी आणि जात. झिजून त्यातला 5 धड वाचताही येत नव्हता. तरी येईल त्याला भाऊ तिथेच बोट ठेवून सांगायचे, ही नळी बर्मिंगहॅमची, 1935 सालापासूनची. टोकांना जाड, मधे पातळ, कारण ताण सांध्यांवर येतो.

भाऊंची एंटरप्राइझ होडी तर केव्हाच गेली. निळ्या शिडांची, दोघांची, प्लायवूडची. पाणी मुरलं आणि सांधे सुटले. शेवटी शेवटी मी बघायलाही गेलो नाही. असो.

स्टिकरच डोक्यातून जात नाही. आणि लगच्या, नळ्या जोडणाऱ्या खोबणींच्या, कडा! कारागिराने कानस मारून मारून पातळ केलेल्या, नख फिरवलं की जेमतेम लागायच्या. आता पावडर कोटिंगच्या, भट्टीत भाजलेल्या रंगाच्या, थराखाली सगळ्या बोथट झाल्यात. राजेंद्रनगरातल्या कुठल्याही जिन्याखाली उभी असते तसली एक सायकल झाली ही. भाऊंचं म्हणून माझ्याकडे एवढंच होतं, तेही पुसलं गेलं. जेवणावर वासना नव्हती.

मग भीती वाटली ती भट्टीची. पण पावडर साधारण 200 अंशांवर भाजतात, आणि पितळेची झाळ वितळायला 800 च्या वर जावं लागतं. सांधे शाबूत असणार.

तरी राहवेना. सीटची दांडी उपसून व्हर्नियर लावला. 27.2 मिलिमीटर. नळी बाहेरून 28.6 ची, म्हणजे तिची जाडी पाऊण मिलिमीटरही नाही. साध्या फ्रेमच्या जाड नळीत ही दांडी शिरणारच नाही. पुन्हा मोजलं. 27.2 च. तिथेच फरशीवर बसून राहिलो, फार बरं वाटलं. भाऊ सांगायचे ते सगळं आत जसंच्या तसं आहे.

तसलं स्टिकर नवं मिळतं, पण लावणार नाही. भाऊंचं बोट फिरलेलं ते नव्हे.

नंदूला यातलं काही बोलायचं नाही. उद्या पहाटे गाड्या कमी असतात, तेव्हा त्यालाच राऊपर्यंत चालवायला देतो. चढावर उभं राहून पॅडल मारलं की ही सायकल कशी पुढे झेपावते, ते त्याला कळू दे. तो माझ्याहून बराच उंच आहे, दांडी वर घ्यावी लागेल. ग्रीस लावूनच बसवतो.