एक्सेलने अडवलेले १२० फोन : माझा अनुभव

दिवाळीच्या तोंडावर आमच्या कंपनीने पुण्यात चार नवी स्टोअर्स सुरू करायचं ठरवलं आणि १२० नव्या अँड्रॉइड फोनची खोकी माझ्या खोलीत येऊन पडली. दहा-पंधरा मिनिटांत किराणा घरपोच द्यायचा, तर आत माल उचलणाऱ्या प्रत्येक पिकरच्या हातात स्कॅन करणारा फोन लागतो. रायडर आपापला फोन वापरतात, पण स्टोअरमधला प्रत्येक फोन कंपनीचा. तो नीट चालतोय ना, त्यात यूट्यूब लागत नाही ना, हरवला तर बंद करता येईल ना, हे सगळं माझ्या गळ्यात.

हे फोन कंपनीच्या पूर्ण ताब्यात घ्यायचे तर फोन कोरा हवा, नाहीतर रीसेट केलेला. आधीच्या ६० फोनना मी क्यूआर कोडने जोडलं होतं. पहिल्या स्वागताच्या स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा बोट मारायचं, स्कॅनर उघडतो, कोड दाखवायचा. चांगला मार्ग आहे, पण ६० फोनना दोन दिवस गेले आणि बोट दुखलं ते वेगळं. म्हणून या वेळी झिरो-टच. त्यात फोन पहिल्यांदा चालू होऊन नेटला लागला की आपोआप कंपनीच्या सेटिंगवर जातो, स्टोअरमधल्या कुणीही नुसतं खोकं उघडून सुरू केला तरी चालतं.

अडलं इथेच. झिरो-टचमध्ये फोनचे आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचे वेगळे ओळख क्रमांक, आपण स्वतः चढवू शकत नाही, ते काम फोन विकणाऱ्या अधिकृत विक्रेत्याने करायचं असतं. आमचा डीलर म्हणाला, "सर, दोन दिवसांत होऊन जाईल." चार दिवसांनी कळलं की तो स्वतः अधिकृत नाहीच. तो मुंबईच्या एका डिस्ट्रिब्युटरकडून माल उचलतो आणि अधिकार त्या डिस्ट्रिब्युटरकडे आहे. म्हणजे मी डीलरला मेल करायचा, त्याने पुढे पाठवायचा, आणि तिकडून दुसऱ्या दिवशी दोन शब्दांचं उत्तर यायचं : "आयएमईआय अवैध."

कुठले अवैध? सगळे. का? उत्तर नाही. यादी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी खोक्यावरचे आकडे एकेक करून ताडले, फोनवर *#०६# दाबून पाहिले, सगळे बरोबर. डीलरला फोन केला की "सर, वरून येत नाहीये." नऊ दिवस असे गेले. स्टोअर मॅनेजरांचे फोन रोज सकाळी सातला सुरू व्हायचे आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसायचं. त्या नऊ दिवसांचा राग अजून गेलेला नाही, कारण "तुमची फाइल उघडून बघा" एवढं एक वाक्य तिकडच्या माणसाने लिहिलं असतं तर दुसऱ्याच दिवशी सुटलं असतं.

नवव्या दिवशी मी हट्टच धरला : डिस्ट्रिब्युटरच्या हातात जी फाइल पोचली, तीच मला उलट पाठवा. आली. उघडली. आयएमईआयच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच मजकूर : ३.५६ई+१४. १२० ओळी, १२० वेळा तेच.

झालं होतं असं. आमच्या स्टोअरकीपरने खोक्यांवरचे बारकोड थेट एक्सेलमध्ये स्कॅन केले. आयएमईआय पंधरा आकडी असतो, आणि अकरापेक्षा जास्त आकड्यांची संख्या एक्सेल अशी आखडून दाखवतं. तिथवर आतली संख्या शाबूत असते. पण ती फाइल सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची यादी, म्हणून सेव्ह केली की पडद्यावर जे दिसतं तेच लिहिलं जातं. पुढचे आकडे गेले. मी माझ्या मूळ एक्सेलशी ताडत होतो, म्हणून मला सगळं बरोबर दिसत होतं.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे : स्कॅन करण्याआधी तो रकाना निवडून त्याचा प्रकार "टेक्स्ट" करा. आधी करा, नंतर नाही. आणि पाठवण्याआधी सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडून बघा, एक्सेलमध्ये नको. नवी यादी गेली आणि दुसऱ्या संध्याकाळी पोर्टलवर फोन दिसायला लागले. त्या क्षणी मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरलो, इतकं हलकं वाटलं.

तरी आठ फोन चालू केल्यावर कंपनीच्या सेटिंगकडे वळेनात. दोन सिमच्या फोनवर दोन आयएमईआय असतात, आणि त्या आठ खोक्यांवर दुसरा बारकोड स्कॅन झाला होता. दोन्हींतला लहान आकडा द्या, त्याने काम भरवशाचं होतं.

या वाट पाहण्यात वाकडच्या स्टोअरने धीर सोडला होता. त्यांनी १४ फोन उघडून पिकर पोरांच्या जीमेलवर सुरू केले. चूक त्यांची म्हणवत नाही, त्यांना ऑर्डर पडत होत्या. पण परत घेताना कुणीतरी बटणं दाबून रीसेट मारला, आणि फोनने आधीचंच गूगल खातं मागितलं. चोरीपासून संरक्षण म्हणून अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१५ पासून आहे आणि ती असायलाच हवी. आधी खातं काढून सेटिंगमधून रीसेट करा, मग हा अडथळा येत नाही. एक पोरगा दिवाळीला गावी, बीडकडे गेलेला. रेंज मिळावी म्हणून तो घराच्या गच्चीवर चढला आणि ओटीपीचे आकडे मोठ्याने वाचून दाखवले. दोनदा फोन कटला, तिसऱ्यांदा जमलं. "सर, आता माझं खातं काढून टाका हं," म्हणाला. त्याच्यासमोरच काढलं.

आठवतंय म्हणून : अपडेट कधी व्हायचं ते ठरवून ठेवा. आमचे फोन एकदा संध्याकाळी सातला, ऐन गर्दीत, अपडेटला बसले होते. आता पहाटे तीन ते पाचची वेळ दिली आहे, आणि गणपती ते दिवाळी अपडेट गोठवतो. एका वेळी ९० दिवसांपर्यंत गोठवता येतं, पण पुढच्या गोठवणीआधी ६० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, त्यामुळे तारखा आधीच मांडा.

चार्जर मात्र स्वस्तातले घेऊ नका. तपकीर गल्लीतून घेतलेले वीस महिन्याभरात गेले, आणि दोन फोनच्या बॅटऱ्या फुगून पाठीमागचं झाकण उचललं गेलं. शीतगृहातून बाहेर आणलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, त्यावर दव धरतं.

आणि बिल. डीलरच्या बिलावर प्रत्येक आयएमईआय छापून घ्या. हरवलेला फोन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करायचा तर पोलीस तक्रारीबरोबर खरेदीचं बिलही जोडता येतं, आणि आमच्या बिलावर नुसतं "मोबाइल, १२० नग" असं होतं. खराडीचा एक फोन हरवल्यावर हे कळलं. डीलरकडून नवं बिल करून घेतलं. त्याला यादी मी स्वतः पाठवली, नोटपॅडमध्ये उघडून बघितलेली.