चाळिशीतला व्यायाम पन्नाशीत पुरला नाही

चाळिशीत मी रोज पळायचे, पाच किलोमीटर, आणि ज्या दिवशी जमायचं नाही त्या दिवशी नुसती चिडचिड. मग उजवा गुडघा दुखायला लागला, जिना उतरताना तर कळच यायची, तरी पट्टा बांधून पळतच राहिले कारण मैत्रीण पळत होती ना, तिला काही होत नाही तर मलाच का व्हावं. शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. ती म्हणाली, पळणं वाईट नाहीये हो, पण तुमच्या मांडीच्या पुढच्या स्नायूंत ताकद कमी पडतेय, सगळा ताण गुडघ्यावर येतोय, आधी ताकद वाढवा.

त्याच काळात स्विमिंग सुरू केलं आणि ते इतकं आवडलं की बाकी सगळं मागे पडलं, तिने दिलेले मांडीचे व्यायामसुद्धा. दम वाढला, झोप छान लागायला लागली, गुडघाही शांत. पण पाळी गेल्यावर डॉक्टरांनी हाडांची तपासणी करायला लावली तर घनता कमी! मला धक्काच बसला, मी तर रोज व्यायाम करत होते. तेव्हा कळलं की पाण्यात आपलं बरंचसं वजन पाणीच पेलतं, हाडांवर भार फारसा येत नाही, आणि भार आला तरच हाड घट्ट राहतं. त्यात पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हाडं जपणारं हार्मोन कमी होतं आणि हाडांची झीज जोरात सुरू होते. म्हणजे हृदयासाठी पोहणं उत्तम होतं, हाडांना मात्र पुरत नव्हतं. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं असं फार वाटतं, म्हणून लिहितेय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या गाइडलाइन्समध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण त्यातच पुढे आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करा असंही आहे आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम. ते वाचून आईला खुर्ची धरून एका पायावर उभं राहायला शिकवलं, तिच्या वयात पडणं हीच मोठी भीती. भावाला बीपी आहे, त्याला ट्रेनरने पहिल्याच दिवशी बजावलं की वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, बीपी एकदम वर जातं. एकाच घरात तिघांचं तीन तऱ्हेचं.

मी आता दोन दिवस वेट्स करते, दोन दिवस पोहते, बाकी चालते. स्नायू दुखले तर दोन-तीन दिवसांत उतरतं, ते चालतं मला, पण सांध्यात टोचल्यासारखं झालं की त्या दिवशी तिथेच थांबते.

डॉक्टरांना विचारून गेल्या महिन्यापासून पळायलाही लागलेय, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. मैत्रीण हल्ली पळत नाही, तिची कंबर धरते, ती योगा करते. चालायला मात्र आम्ही दोघी बरोबरच जातो.