औषधाचं नाव बदललं, गट बदलला का?

डेंग्यूचे रुग्ण वाढले की वॉर्डातून पहिली मागणी होते ती धुराच्या गाडीची. गाडी येऊन जाते, डास पडलेले दिसतात, दोन दिवसांत पुन्हा चावायला लागतात. मग औषध पातळ होतं किंवा भेसळीचं होतं असं ठरतं, आणि पुढच्या खेपेला डोस वाढतो नाहीतर दुसऱ्या कंपनीचा डबा येतो. डब्यावरचं नाव बदललं तरी आतलं रसायन त्याच गटातलं असेल, तर डासाच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं. त्या गटाच्या औषधाने न मरण्याची ताकद, म्हणजे प्रतिकार, त्याच्यात आलेली असेल तर नवा डबाही फुकट जातो.

गट मोजकेच आहेत. डेल्टामेथ्रिन, सायफेनोथ्रिन, पर्मेथ्रिन, घरातल्या लिक्विडमधलं ट्रान्सफ्लुथ्रिन, हे सगळे पायरेथ्रॉइड. रॉकेलमध्ये एकास एकोणीस मिसळून घरात फवारतात तो पायरेथ्रम अर्क वनस्पतीचा असला, तरी तोही त्यांच्यासारखा मज्जापेशींवरच्या सोडियम वाहिनीवरच, म्हणजे पेशीत सोडियम आत घेणाऱ्या दारावरच, काम करतो. डीडीटीचा मारही तिथेच. त्यामुळे त्या वाहिनीत एक छोटा जनुकीय बदल झाला की या साऱ्यांचीच धार कमी होऊ शकते. दिल्लीतल्या एडिस इजिप्ती या डेंग्यू पसरवणाऱ्या डासामध्ये एफ१५३४सी नावाचा असा बदल सापडलेला आहे.

मॅलेथिऑन आणि टेमिफॉस हे दोन्ही ऑर्गॅनोफॉस्फेट. पिंपात अळीसाठी टेमिफॉस घालायचं आणि गल्लीत मॅलेथिऑनचा धूर सोडायचा, म्हणजे एकाच डासाच्या दोन्ही अवस्थांवर एकाच गटाचा मारा करायचा. कागदावर ही दोन औषधं दिसतात, पण याला फेरपालट म्हणता येत नाही. अळी आणि प्रौढ डास यांच्यासाठी गट वेगळे ठेवणं हा पहिला नियम, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त मोडला जाणाराही हाच.

टेमिफॉसवर थोडं थांबायला हवं, कारण तिथे बिघाड सर्वांत उशिरा दिसतो. साठवणीच्या पाण्यात त्याची मात्रा लिटरला १ मिलिग्रॅम. २०० लिटरच्या पिंपाला १ टक्का दाणेदार औषध २० ग्रॅम लागतं, किंवा ५० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं तीव्र द्रावण) फक्त ०.४ मिली. एवढं थोडं औषध झाकणाने मोजता येत नाही आणि अंदाजाने कमी-जास्त पडतं. १० मिली ईसी घेऊन पाण्याने १ लिटर करा, बाटली हलवत राहा, आणि त्यातलं ४० मिली पिंपात घाला. मात्रा भांड्याच्या पूर्ण क्षमतेवर काढायची, आज पाणी किती आहे त्यावर नाही. नळाला पाणी आलं की पिंप भरणारच असतं.

आता चाचणीची मात्रा पाहा. एडिसच्या अळ्यांसाठी टेमिफॉसची निदान-मात्रा, म्हणजे प्रतिकार नसलेल्या अळ्या जिने मरायलाच हव्यात ती, लिटरला ०.०१२ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पिंपातली मात्रा तिच्या ऐंशीपटीहून जास्त. म्हणून प्रतिकार सुरू झाला तरी दुसऱ्या दिवशी पिंपात अळ्या मेलेल्याच दिसतात आणि सगळं ठीक वाटतं. पहिली खूण वेगळी असते. आधी कित्येक आठवडे पुरणारं औषध लवकर निकामी होतं, कारण पाणी उपसून-भरून मात्रा थोडी उतरली तरी अळ्या तगून राहतात. त्या उतरलेल्या मात्रेत जगलेल्याच पुढची पिढी वाढवतात. तारखेसह नोंद नसेल तर ही खूण हातून निसटते. प्रत्येक पिंपासमोर औषध घातल्याची आणि पहिली जिवंत अळी दिसल्याची तारीख लिहून ठेवा.

अळ्यांची चाचणी जिल्हा पातळीवर सहज होते. २४९ मिली पाण्यात, लिटरला ३ मिलिग्रॅम तीव्रतेच्या टेमिफॉस द्रावणाचं १ मिली घातलं की ०.०१२ ची मात्रा तयार. अशा चार भांड्यांत प्रत्येकी २५ अळ्या सोडा, तिसऱ्या अवस्थेच्या शेवटच्या किंवा चौथीच्या सुरुवातीच्या. दोन भांड्यांत औषधाऐवजी फक्त द्रावक घाला. २४ तासांनी मोजा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे सगळ्या अळ्या एकाच टायरमधून आणणं. त्या बहुतेक एक-दोन माद्यांची पिलं असतात, आणि निकाल त्या कुटुंबाचा लागतो, वस्तीचा नाही. काळ्या प्लास्टिकच्या डब्यांत कागदाची पट्टी लावून ते वेगवेगळ्या गल्ल्यांत ठेवा, अंडी गोळा करा, एकत्र उबवा. डबे आठवड्याच्या आत उचला, नाहीतर तिथेच डास तयार होतील.

प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची नळी वापरतात. तीन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या माद्या, नळीत २५ पर्यंत, ०.०३ टक्के डेल्टामेथ्रिनचा कागद असलेल्या चार नळ्या आणि तुलनेसाठी साध्या कागदाच्या दोन. तासभर संपर्क, मग स्वच्छ नळीत साखरपाण्याचा कापूस, आणि मोजणी २४ तासांनी. तासाभराने उलटे पडलेले डास मेलेले नसतात. ज्यांच्या अंगात रसायन फोडणारी विकरं (एन्झाइम) वाढलेली असतात ते आधी पडतात आणि रात्रीत उठून बसतात. गाडीच्या धुरानंतर अंगणात पडलेले डास मोजून काढलेला निष्कर्ष याच कारणाने फसवा ठरतो.

९८ टक्के किंवा जास्त मेले तर औषध चालतंय, ९० च्या खाली गेलं तर प्रतिकार नक्की, मधल्या पट्ट्यात चाचणी पुन्हा करायची. तुलनेच्या नळीत २० टक्क्यांहून जास्त मेले तर सगळा निकाल टाकून द्या. बहुधा खोली तापलेली असते किंवा डास हाताळताना चेंगरलेले असतात. कागद जुने किंवा उन्हात राहिलेले असले तर उलटं होतं, प्रतिकार नसतानाही दिसतो. निकाल ९० च्या खाली आला तर पुढच्या फेरीत डासांना आधी तासभर ४ टक्के पिपेरोनिल ब्युटॉक्साइडच्या कागदावर ठेवा; ते या विकरांना अडवतं. मग मरण्याचं प्रमाण वर गेलं, तर प्रतिकारात विकरांचा वाटा आहे.

प्रतिकार निघाला तर डोस वाढवू नका. वाढीव डोसात फक्त सगळ्यात चिवट डास उरतात. अळ्यांसाठी बीटीआय हे जिवाणूपासून बनवलेलं अळीनाशक घ्या. त्यात एकाहून जास्त विषारी प्रथिनं असतात आणि ती वेगवेगळ्या जागी काम करतात, त्यामुळे त्याला प्रतिकार जमणं अवघड. दुसरा पर्याय पायरिप्रॉक्सिफेन, म्हणजे अळीची वाढ पूर्ण होऊ न देणारं औषध, लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्के दाणेदार औषध हजार लिटरच्या टाकीला २ ग्रॅम. पण त्याने अळ्या वळवळतच राहतात आणि कोशातून डास निघत नाही. हे घरच्यांना आधीच सांगितलं नाही तर ते 'औषध खोटं' म्हणून पाणी ओतून देतात. कर्मचाऱ्यांनीही अळ्या मोजण्याऐवजी कोश बाटलीत ठेवून डास निघतो का ते बघायला हवं.

रसायनाविना चालणारा भाग इथे उशिरा आला असला, तरी कामांच्या यादीत तो सगळ्यांत वर असतो. भांडी रिकामी करायच्या 'कोरड्या दिवशी' नुसतं पाणी ओतून चालत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. काथ्याने घासायला हवं.

ब्राझीलचा अनुभव आपल्याला सर्वांत उपयोगी आहे. तिथे टेमिफॉसला प्रतिकार दिसल्यावर १९९९ मध्ये देशभर चाचण्यांचं जाळं उभारलं, अळ्यांसाठी बीटीआय आणि मग इतर गट आणले. प्रौढांसाठी २००० च्या सुमारास पायरेथ्रॉइड आणले, ते दहाएक वर्षांत सरकारी फवारणीतून काढावे लागले. तरीही सोडियम वाहिनीतले बदल कमी झाले नाहीत, कारण घराघरांतला स्प्रे चालूच होता. पुढे रिओतल्या तुबियाकांगा भागात वोल्बाकिया जिवाणू (डासात डेंग्यूचा विषाणू सहज वाढू न देणारा) असलेले डास सोडले तेव्हा ते टिकले नाहीत. सोडलेले डास पायरेथ्रॉइडने मरणारे होते, स्थानिक डास मात्र त्याने मरत नव्हते. स्थानिक डासांशी संकर करून तोच प्रतिकार त्यांच्यात आणला, तेव्हा ते रुजले. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरनेही वोल्बाकिया असलेले एडिस तयार केले आहेत. ते जिथे सोडायचे असतील, तिथल्या डासांची डेल्टामेथ्रिन चाचणी आधी व्हायला हवी.