कातेरिना स्फोर्झाची भट्टी: फोर्ली ते फ्लॉरेन्स

इटलीत बोलोन्याहून रिमिनीकडे जाणारी रेल्वे जुन्या रोमन एमिलिया मार्गाच्या कडेकडेने, फळबागांच्या सपाट प्रदेशातून धावते आणि तासाभराच्या आत फोर्लीला पोहोचते. मला तेथील रावाल्दिनोचा किल्ला पाहायचा होता, कारण पंधराव्या शतकाच्या अखेरीस या गावावर राज्य करणारी कातेरिना स्फोर्झा धातू, वनस्पती आणि अर्क यांवर स्वतः प्रयोग करीत असे व त्यांच्या कृती लिहून ठेवीत असे.

स्थानकापासून पियाझ्झा साफ्फी हा मुख्य चौक पायी जाण्याजोगा आहे. याच चौकातील वाड्यात 14 एप्रिल 1488 रोजी कातेरिनाचा पती जिरोलामो रियारिओ याचा खून झाला. कटवाल्यांनी तिला मुलांसह ताब्यात घेतले; किल्लेदाराला शरण येण्यास सांगते, अशी बतावणी करून ती किल्ल्यात शिरली आणि मुले शत्रूच्या हाती असतानाही तिने किल्ला सोडण्यास नकार दिला. तिच्याविषयी जे काही लिहिले जाते, त्यात ही गोष्ट हमखास पुढे असते, आणि तिच्या शौर्याखाली तिची प्रयोगशील बुद्धी झाकली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते.

किल्ला विटांचा, चौकोनी आणि कोपऱ्यांवर गोल बुरूज असलेला आहे. त्याच्या काही भागात तुरुंग असल्यामुळे मी तो मुख्यतः बाहेरून फिरून पाहिला.

तिच्या नोंदींची मूळ वही आज उपलब्ध नाही. तिच्या धाकट्या मुलाच्या, म्हणजे प्रसिद्ध सेनानी जोव्हान्नी देल्ले बांदे नेरे याच्या, सैन्यातील लुकान्तोनिओ कुप्पानो या अधिकाऱ्याने केलेली नक्कल टिकली आणि ती 1893 मध्ये छापली गेली. तिच्यात साडेचारशेहून अधिक कृती आहेत. हलक्या धातूंना सोन्याचांदीचे रूप देण्याच्या आणि सोन्याच्या नाण्याचे वजन वाढवण्याच्या कृतींशेजारीच ताप, विषबाधा व जखमांवरची औषधे, केस सोनेरी करण्याचे आणि कांती उजळवण्याचे उपाय येतात. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला गाढ झोपवण्यासाठी अफू, खुरासानी ओवा आणि मॅन्ड्रेक ही गुंगी आणणारी विषारी वनस्पती अशा द्रव्यांचे मिश्रणही तिने नोंदवले आहे. ही द्रव्ये किती घातक आहेत हे ध्यानात घेतले, की प्रमाणाचा नेमकेपणा तेथे केवढा मोलाचा होता हे कळते. काही मजकूर लॅटिनमध्ये, तर काही सांकेतिक लिपीत आहे. सोने करण्याची हाव आणि रुग्णाला वेदना होऊ नयेत ही काळजी एकाच वहीत, एकाच हातून उतरलेली पाहिली, म्हणजे किमयेला निव्वळ भोंदूगिरी म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे वाटते. ऊर्ध्वपातन, गाळणे, वितळवणे, वजन करणे ही कामे किमया आणि औषधे या दोन्हींत तीच होती.

ती एकटीही नव्हती. फोर्लीतील औषधविक्रेता लोदोव्हिको आल्बेर्तिनी याच्याशी तिचा पत्रव्यवहार होता, आणि 1508 साली रोममधील आन्ना नावाच्या ज्यू स्त्रीने चेहऱ्याला लावायच्या मलमांविषयी तिला लिहिलेले पत्रही उपलब्ध आहे.

गावाच्या सान दोमेनिको संग्रहालयात लोरेन्झो दि क्रेदी याने रंगवलेले, हाती जाईची फुले घेतलेल्या स्त्रीचे चित्र आहे. परंपरेने ती कातेरिना मानली जाते. मी त्या चित्रासमोर बराच वेळ थांबलो.

12 जानेवारी 1500 रोजी पोपचा मुलगा आणि सेनानी चेझारे बोर्जिया याने किल्ला जिंकला. कातेरिनाला रोमच्या कास्तेल सांत'आंजेलोमध्ये कैदेत ठेवण्यात आले आणि 1501 मध्ये सुटका झाल्यावर ती फ्लॉरेन्सला गेली. मीही फाएन्झाहून निघणाऱ्या, आपेनिन डोंगर ओलांडणाऱ्या लहान गाडीने तेथे गेलो; ब्रिसिगेल्ला आणि मार्रादीनंतरचा हा मार्ग फार देखणा आहे.

28 मे 1509 रोजी निधन झाल्यावर तिला ले मुराते या मठात पुरण्यात आले. एकोणिसाव्या शतकात मठाचा तुरुंग झाला आणि तिची कबर हरवली. आता तेथे घरे, उपाहारगृहे आणि कार्यक्रमांच्या जागा आहेत.

त्यानंतर मी पालाझ्झो व्हेक्किओमधील फ्रान्चेस्को द मेदिचीचे छोटे अभ्यासदालन पाहिले. हा टस्कनीचा ग्रँड ड्यूक कातेरिनाचा पणतू. स्त्रादानोने 1570 मध्ये रंगवलेल्या चित्रात तो किमयागारांच्या भट्ट्यांमध्ये स्वतः काम करताना दिसतो. मेदिची घराण्याच्या प्रयोगशाळांची हकिगत बहुधा त्याच्यापासून किंवा त्याचे वडील, म्हणजे जोव्हान्नीचे पुत्र, कोझिमो यांच्यापासून सुरू केली जाते. माझ्या मते ती फोर्लीच्या किल्ल्यापासून सांगायला हवी, कारण कोझिमोची ती आजी होती आणि तिच्या कृती तोवर लिहून, नकलून झाल्या होत्या.