मधल्या मडक्याचा वास

बुधवार, रात्री

जिन्यात काकू थांबल्या, छत्री झटकली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुझ्या मडक्यांना हल्ली वास येतोय का गं?" एवढंच. तक्रारीचा सूर नव्हता. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ते प्रश्नासारखं विचारलं, आणि तेच जास्त लागलं.

बाल्कनीत एकावर एक ठेवलेली तीन मडकी, त्यांत मी घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करते. वास येतोय. आठ दिवस मलाही येत होता, आणि मी बाल्कनीचं दार ओढून घेत होते.

कसला वास, ते आधी नीट लिहून काढते. मुतारीसारखा, डोळ्यांत चुरचुरणारा वास आला तर तो अमोनिया. ओल्या कचऱ्यातला नायट्रोजन जास्त झालाय आणि त्याला जोडीला पुरेसा सुका पाला मिळालेला नाही. आंबलेल्या पिठासारखा वास आला तर हवा कमी पडायला लागली आहे, आम्ल साठतंय. सडक्या अंड्यासारखा आला तर हवा संपलीच. वरच्या मडक्याला दुसरा आहे. मधल्याला तिसरा.

मन तिथेच अडकलंय. हवा असेल तर जिवाणू आणि बुरशी कचरा खातात, त्याचा कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊब होते, मागे खत राहतं. हवा नसेल तर दुसरे जिवाणू ताबा घेतात आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात हेच चालतं. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या विहिरींचं पाणी तिथे टाकलेल्या पुण्याच्या कचऱ्यानं बिघडलं, तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. आपल्या सालींसाठी त्यांची जमीन वापरायची नाही, म्हणून तर ही तीन मडकी आणली होती. आणि मी बाल्कनीत तोच डोंगर केला, तीस लिटरचा. वर झाकण घातलं आणि चांगलं वागल्याचं समाधान घेत राहिले.

आईच्या माहेरी परसात उकिरडा होता. त्याला असा वास... जाऊ दे.

गुरुवार

झोप लागली नाही, म्हणून पहाटेच मधलं मडकं जुन्या पोत्यावर पालथं केलं. सगळं बाहेर काढून पाहिल्याशिवाय कारण कळत नाही. वरून नुसतं ढवळलं की वास तेवढ्यापुरता जातो आणि दोन दिवसांनी परत येतो.

खाली दोन बोटं जाडीचा काळा, बुळबुळीत थर होता. वरच्या दोन मडक्यांचा तळ उघडा असतो, तिथे दोरीची जाळी आणि त्यावर वर्तमानपत्र. एक कागद पुरतो. मी चार घड्या घातल्या होत्या. त्यांचा भिजून लगदा झाला, जाळी बुजली, पाणी खाली उतरलं नाही आणि हवा वर आली नाही. लगद्यावर भाताचा गोळा जसाच्या तसा. भात आणि पोळीचे तुकडे मोकळे करून टाकले नाहीत तर गोळ्याच्या आत हवा शिरतच नाही. शिवाय सात कोयी. आंब्याची कोय महिनोन्‌महिने कुजत नाही. ती मडक्यात घालायचीच नाही, किंवा फोडून वाळवून घालायची.

पण मोठी चूक कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुग्याची निघाली. मार्चात पालापाचोळा साठवला नाही आणि पावसाळ्याच्या तोंडावर त्याची दाबून केलेली पाच किलोची वीट आणली. वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे बादलीभर पाण्यात भिजवून फुलवली. कुंडी भरायची असेल तर ते बरोबर आहे. कचऱ्यात घालायला चूक. पाण्यानं तट्ट भरलेलं कोकोपीट सालींचं पाणी कुठे घेणार? भाजीच्या कचऱ्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं. आमचा रोजचा कचरा पाऊण किलो, म्हणजे त्यात ६०० ग्रॅम पाणी धरूनच चालायचं. उन्हाळ्यात ते मडक्याच्या अंगातून झिरपून उडून जातं. आषाढात हवाच ओली, तेव्हा कुठे जाणार? वीट कोरडीच खरवडायची आणि तो भुगा मुठीनं घालायचा.

आणि नुसतं पाणी शोषून भागत नाही, हे मला आज हाताला कळलं. सुक्या मालाची कामं दोन. एक ओल धरणं, दुसरं सालींच्या मधे फटी उघड्या ठेवणं. पाचोळा, काटक्या, नारळाचा काथ्या दोन्ही करतात. कोकोपीट बारीक असतं, ते ओल धरतं पण दाबून बसतं. लाकडाच्या भुश्याचंही तेच. वर त्यात कार्बन इतका जास्त की जास्त घातला तर कुजणंच थंडावतं. एकट्या कोकोपीटवर पावसाळा निघत नाही.

मडक्यांच्या अंगावर ऑइल पेंटनं काढलेली वारली नक्षी अजून छान दिसते. रंगाखाली मातीची छिद्रं बुजली असणार, तेही धरायला हवं. ज्यानं काढली त्याला मी हे सांगणार नाही.

असं केलं: कोयी आणि लिंबाच्या सालींचा ढीग वेचून बाजूला ठेवला. थोड्या लिंबाच्या सालींनी काही होत नाही, रस-सरबताच्या दिवसांत एकदम वीस-पंचवीस पडल्या की काम मंदावतं. गोळे हातानं फोडले. माल पोत्यावर बोटभर जाडीनं पसरून चार तास पंख्याखाली ठेवला. ओल बघायला मूठभर घेऊन आवळलं. पिळून काढलेल्या फडक्यासारखं लागायला हवं, बोटांच्या फटीत फार तर एक-दोन थेंब. सकाळी धार लागत होती.

सुकं म्हणून घरात जे होतं ते सगळं काढलं. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, चकचकीत नसलेले खोक्यांचे तुकडे बोटाएवढे फाडून, शहाळ्याच्या काथ्याचा पिंजून केलेला गुंता. तळाला एकच कागद, त्यावर तीन इंच काटक्या आणि काथ्या, मग माल आणि सुकं निम्मं-निम्मं मिसळून. खालच्या मडक्यातलं तयार खत दोन ओंजळी विरजण म्हणून. आंबट ताकाचंही विरजण चालतं, पण अशा ओल्या मालावर आणखी पाणी कशाला ओतायचं?

चुना घातला नाही. आंबूस वासावर चुना किंवा राख टाका असं बरेच जण सांगतात. आम्लता उतरते हे खरं, पण त्याबरोबर नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो. खताचा जीव जातो आणि वास बदलून दुसरा येतो. चिमूटभर राख वेगळी.

अळ्याही होत्या, करड्या, चपट्या, तांदळाच्या दाण्याहून मोठ्या. कामाला येणाऱ्या मावशी घाबरून मागे सरल्या आणि फिनेल आणायला निघाल्या. फिनेल अजिबात नाही, त्यानं जिवाणूच मरतात. या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या. त्यांचा उपद्रव नाही, त्या कचरा भराभर खातात, आणि ती माशी घरातल्या अन्नावर घोंघावत नाही. माल ओला झालाय, एवढंच त्या सांगत असतात. सुकं वाढवलं की आपोआप कमी होतात. मावशींना हे सांगताना जाणवलं की मडकी माझी, पण रोज झाकण उघडून साली टाकतात त्या. वास पहिल्यांदा त्यांनाच आला असणार. त्या का बोलल्या नाहीत?

रविवार

तीन दिवस रोज ढवळलं. एरवी आठवड्यातून दोनदा पुरतं. सडक्या अंड्याचा वास दुसऱ्याच दिवशी गेला, आंबूस आज जवळजवळ नाही. मधे हात घातला तर कोमट लागतो. एवढ्याशा मडक्यात मोठ्या ढिगासारखी ६० अंशांची धग येत नाही, येणारही नाही, कोमट म्हणजे काम सुरू आहे. म्हणूनच मडक्यातल्या खतात टोमॅटो आणि भोपळ्याचं बी जिवंत राहतं आणि कुंडीत उगवतं. उगवू दे.

खाली साचलेलं काळं पाणी मात्र झाडांना घातलं नाही. वास नसलेलं, चहासारखं पाणी दहापट पातळ करून चालतं. हे सडकं होतं, त्यातली आम्लं मुळांना भाजतात.

मन आज थोडं शांत आहे. पहिला पावसाळा होता आणि पाचोळा नव्हता, तेव्हा हे होणारच होतं. चार दिवस मी स्वतःला उरुळीचा डोंगर म्हणत बसले. पण तो डोंगर कुणाला असा पोत्यावर पालथा करून, पंख्याखाली वाळवून पुन्हा भरता येत नाही. तीस लिटरचा येतो. हा फरक मोठा आहे, आणि घरात खत करण्याचं कारणही तेच आहे: बिघडलं तर आपल्या हातात आहे.

तरी एक गोष्ट टोचतेच. माघ-फाल्गुनात सोसायटीच्या आवारात बदाम, गुलमोहर आणि वर्षावृक्षाचा पाला ढिगानं पडतो. झाडून कोपऱ्यात नेतात आणि एक दिवस धूर दिसतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ च्या डिसेंबरात उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये दंड लावला, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. तो धूर मी दरवर्षी पाहिला, खिडकी लावली, आणि जूनमध्ये दूरच्या किनाऱ्यावरून प्लास्टिकच्या वेष्टनात आलेली वीट विकत घेतली. खिडकी लावणं हे माझं जुनंच दिसतंय.

पुढच्या वर्षीचा हिशोब मांडून ठेवते. रोज साधारण दोन लिटर ओला कचरा, तेवढाच पाला, पावसाळ्यात थोडा जास्तच. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, म्हणजे २५० लिटर तरी. धान्याच्या मोठ्या पोत्यात चुरलेला पाला साधारण ७० लिटर बसतो, तेव्हा चार पोती. गुलमोहर आणि वर्षावृक्षाची पानं बारीक, ती तशीच चालतात. बदामाचं पान जाड आणि रुंद, ते पोत्यात भरून पायानं तुडवायचं, नाहीतर पानावर पान चिकटून पुन्हा बंद थर होतो. आंब्याचं मेणचट, सावकाश कुजतं, थोडंच घ्यायचं. निलगिरी नको. पाला दोन दिवस कडक उन्हात वाळवायचा आणि गोणपाटातच ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत आतल्या आत घाम धरून बुरशी येते.

चार पोती ठेवायची कुठे, हा प्रश्न. बाल्कनीत पावसाची झड येते. जिन्याखाली विजेचे मीटर आहेत, तिथे वाळका पाला ठेवणं धोक्याचं. कोरडी, तीन बाजूंनी बंद गॅलरी इमारतीत एकच आहे, काकूंची. संध्याकाळी एकदा खाली जाऊन दारापाशी उभी राहिले आणि परत आले. उद्या आधी त्यांना वर बोलावीन, मधल्या मडक्याचं झाकण काढून वास घ्यायला सांगेन, आणि मग पोत्यांचं विचारेन.