चित्रकारांच्या टेबलांपाशी

मुंबई कॉमिक कॉन या कॉमिक्सप्रेमींच्या संमेलनात मी झगमगत्या दालनांपेक्षा स्वतंत्र चित्रकारांच्या टेबलांपाशीच अधिक रमतो, कारण स्वतः काढलेले, स्वखर्चाने छापलेले कॉमिक वाचकाच्या हाती देताना ते ज्या आत्मीयतेने बोलतात, ती पुस्तकांच्या दुकानात अनुभवास येत नाही. कॉस्प्ले करणाऱ्यांविषयीही, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घालून येणाऱ्यांविषयीही, मला मनापासून आदर आहे. फोम तापवून, वळवून घडवलेले चिलखत दिवसभर अंगावर वागवणे सोपे नव्हे. (छायाचित्र काढण्यापूर्वी त्यांची परवानगी अवश्य घ्यावी.) ज्या मुंबईतून १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ (म्हणजे मुखवटाधारी नायक फँटम) आणि १९६७ मध्ये अनंत पै यांची अमर चित्र कथा वाचकांकडे निघाली, त्या मुंबईत मराठीतून कॉमिक्स काढणाऱ्या तरुणांनी अशा संमेलनांत आवर्जून टेबल घ्यावे, असे मला फार वाटते.